दादाची पान्याची बाटली

आमचा थोरला, हौशीराम, जाऊन दोन म्हैने झालं. लोणीला आमा दोघा भावांची एकच विहीर. चार दिस त्याची पाळी, चार दिस माझी. ह्या विहिरीपायी त्यानं मला नऊ वर्सं पिडलं.

अठ्ठ्यान्नव साली त्याची नात श्रेया झाली. दवाखान्यातल्या बाई म्हनल्या, विहिरीचं पानी तपासा. कागद आला, नायट्रेट नव्वद. पायजे पंचेचाळीसच्या आत. बाई म्हनल्या, "बाळाला देऊ नका. उकळून बी जात न्हाई. शेतातला युरिया मुरलाय."

झालं! दादानं शेनखत धरलं, युरिया निम्म्यावर आनला.

"गेण्या, तू बी कमी कर. विहीर एकच हाय ना?"

मी हो म्हनायचो. आन् माझ्या पाळीला पाटाच्या तोंडाशी युरियाची गोनी भोक पाडून ठिवायचो. पानी वाहतं, युरिया विरघळतो, आपन बांधावर तंबाखू मळायची. समदेच तसं करायचे.

दर उन्हाळ्यात दादा बाटली भरून यस्टीनं तालुक्याच्या लॅबात तपासायला न्यायचा. अठ्ठ्याऐंशी. एकदा तर ब्यान्नव.

मी म्हनलो, "पानी तुझं ऐकत न्हाई, राव."

"वीस वर्साचं मुरलंय, आजून खाली उतरतंय. धा-पंधरा वर्सं लागतील. पर वरून टाकायचं थांबलं पायजे."

एकदा त्यानं पाटातली गोनी पाह्यली.  रिकामी गोनी धुतली, घडी घातली, माझ्या वट्यावर आनून ठिवली.  त्यापरीस शिव्या दिल्या असत्या तर बरं.

दादाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना. त्याचा पोरगा भरत म्हनला, जमीन इकनार न्हाई. वैनी म्हनल्या, श्रेयाला शिकवू. कावळं झाडावरच. ऊन डोक्यावर आलं, समदी माझ्याकडं बघाया लागली. असा राग आला! मेल्यावर बी सोडत न्हाई हा मानूस. वरडलो, "बरं बाबा! न्हाई ठिवनार पाटात गोनी!"

कावळा उतरला. आता समदं गाव साक्षीला. फिरायचं कसं?

परवा मीच बाटली घेऊन गेलो. सत्त्याऐंशी. तिथला सायब म्हनला, "हौशीराम न्हाई आले?"

"न्हाई येनार आता. मी त्यांच्या विहिरीचा वाटेकरी. पुढल्या उन्हाळ्यात कधी आनू?"