मामांचा दुसरा भुंगेरा

माझ्या बायकोच्या मामांइतका अनोळखी किड्यांच्या बाजूने उभा राहिलेला माणूस आख्ख्या गिरगावात झाला नाही, आणि गिरगावचं सध्याचं लक्षण बघता होणारही नाही. अनोळखी हा शब्द महत्त्वाचा. डास, झुरळ, ढेकूण यांना मामा 'नामांकित मंडळी' म्हणत, आणि ती चपलेखाली गेली तर त्यांचं काही म्हणणं नसे. जीव होता तो ज्यांचं नाव कुणालाच ठाऊक नाही अशांवर. वरणात काही पडलं तर तुम्हीआम्ही शी म्हणून वाटी सरकवतो. मामा आधी खिशातलं भिंग काढत, मग ते जे काही असेल ते चमच्याच्या टोकाने अलगद बाहेर घेत, आणि ओळखीचं निघालं तर हिरमुसून वरण तसंच भातावर ओतून घेत.

दिवसा ते फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. कोटाच्या खिशांत काडेपेट्या, पण त्यांत काडी एकही नाही. विडी पेटवायला कुणी काडेपेटी मागितली की मामा खिशावर हात दाबून धरत. घरातले झाडून सगळे डबे किड्यांना दिलेले असल्यामुळे मामी दिवाळीचा चिवडा शेजारणीकडे ठेवत. मामी देवभोळ्या, तर मामा देव न मानणारे. "एवढं सगळं निर्माण केलं, तर नावं तरी देऊन ठेवायची," एवढीच त्यांची देवाबद्दल तक्रार. मामींचं जन्मात एकच मागणं होतं, की यांनी एकदा तरी आपल्या शेजारी बसून हात जोडावेत. ते त्या मामांकडे कधी मागत नसत, देवाकडे मागत.

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत सगळं गिरगाव रस्त्यावर होतं, तसे मामाही होते. मशालींच्या मिरवणुकीला ते न चुकता येत आणि मशालवाल्याला चिकटून चालत, कारण तिथे जे उडत येतं ते घरच्या दिव्यावर येत नाही. घोषणा मनापासून देत. मध्येच तोंड मिटून घेत, कारण तोंडात काहीतरी गेलेलं असे आणि काय ते बघितल्याशिवाय गिळायची त्यांची तयारी नसे. शिवाजी पार्कच्या सभेत सारा जमाव व्यासपीठाकडे बघत होता तेव्हा मामा गवतात गुडघ्यांवर. "काका, काही हरवलं का?" कुणीतरी विचारलं. "हरवलं नाही, सापडलंय. पाय जरा उचला," मामा म्हणाले. सीमेबद्दलही त्यांचं मत पक्कं होतं. "डांग सोडू नका. तिथले भुंगे फार चांगले आहेत." एकदा कर्फ्यूत हवालदाराने त्यांचे खिसे तपासले. मामांनी कळवळून सांगितलं, "पेटी उघडू नका हो, नुकसान होईल." त्याने उघडली. नुकसान मामांचं झालं, पळाला मात्र हवालदार.

हे मी हसत सांगतोय खरा, पण एका भुंगेऱ्याने मामांना फार छळलं. चळवळ पेटली त्या वर्षी गणपतीची पत्री निवडताना मामींना तिळाएवढा, शेंदरी पाठीचा एक भुंगेरा दिसला. मामांनी तो भिंगाखाली घातला, कचेरीत रजा टाकली, तरी ओळखेना. म्हणून किड्यांच्या अभ्यासातल्या एका साहेबांकडे नेला. साहेबांनाही ओळखेना. मामांच्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस. पण साहेब म्हणाले, "एकट्यावरून नवी जात ठरवणार नाही मी. दुसरा आणा, आणि राहतो कुठल्या झाडावर तेही सांगा." इथे घोडं अडलं. पत्री म्हणजे एकवीस तऱ्हेची पानं, बाजारात एकाच जुडीत बांधून मिळणारी. पाहुणा त्यातल्या कुठल्या पानावरून आला ते देव जाणे, आणि देवाशी मामांचं बोलणं नव्हतं.

मग दर भाद्रपदात मामा सकाळपासून गिरगावातली घरं पालथी घालत. "जरा पत्री बघू?" तिथून बस पकडून आमच्याकडे दादरला. आमचे भटजी कावत. "मामा, मुहूर्त टळतोय," मी म्हणायचो. "मुहूर्त दरवर्षी येतो. हा येत नाही," असं म्हणून मामा पान उलटत.

राज्य झालं त्या वर्षी बस लवकर मिळाली नाही. मामा पोचले तेव्हा पूजा आटोपून पत्री वाहिली गेली होती. ते नाइलाजाने मूर्तीसमोर टेकले आणि एकदम ताठ झाले. गणपतीच्या खांद्यावरच्या शमीवर एक शेंदरी ठिपका चालत होता. मलाही दिसला. विसर्जनाआधीची उत्तरपूजा होईपर्यंत देवावरचं काही उचलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण मामांना कसली रीत! त्यांचा हात काडेपेटीकडे गेला. तेवढ्यात सकाळपासून आमच्याकडे आलेल्या मामी त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. हे देवाकडे टक लावून बसलेत हे बघून त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी हात जोडले. मामांनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला आणि दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला. दोघं तशीच बसून राहिली. भुंगेरा सोंडेवर उतरला, पुन्हा मुकुटावर चढला, पंख उघडून खिडकीबाहेर गेला.

जाताना मामा जिन्यात मला म्हणाले, "शमी. झाड तरी कळलं. आता पुढच्या वर्षी."

पुढच्या आषाढात साध्या तापाचं निमित्त होऊन मामा गेले. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

त्या भाद्रपदात मामी आमच्याकडे आल्या आणि न सांगता पत्री घेऊन उजेडात बसल्या. शमीची डहाळी वेगळी काढून मामांचं भिंग तिच्यावर धरलं. "मामी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"न कळायला काय झालं? देवाकडे बघणारा माणूस शमीकडे बघतो होय? मला दिसला होता तो." त्या पान उलटत राहिल्या. "उचला, असं मीच म्हणायला हवं होतं. देव काही रागावला नसता. पण जन्मात पहिल्यांदा शेजारी हात जोडून बसले होते हो. मला मोह आवरला नाही."

भटजी ताम्हन घेऊन खोळंबले होते. मामींनी शेवटचं पान बघितलं, भिंग पदराने पुसलं आणि डहाळी माझ्या हातात दिली.

"नाहीये. वाहा आता."