टर्बो आणि आईचे गुडघे

माझी गाडी जपानहून आलेली आहे, हे मी रेवदंड्यात न विचारणाऱ्यालाही सांगत असे. न्हावा शेव्याच्या बंदरात मी माल सोडवण्याच्या कागदपत्रांचं काम करतो. तिथल्या एका साहेबांनी हौसेने मागवलेली ही सेडान, त्यांचा जीव विटल्यावर मी घेतली. घरी सांगितलं, आईच्या गुडघ्यांसाठी घेतली. रिक्षात दाटीवाटीने बसून अलिबागला डॉक्टरकडे जाणं तिला झेपत नव्हतं, हे खरंच होतं. आईने गाडीपुढे नारळ फोडला आणि आळीभर खोबरं वाटलं.

इथवर मी शहाणा होतो. मग मला टर्बो बसवायची हुक्की आली.

टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबायची आणि गाडी पिसाळवायची, एवढंच मला कळलं होतं. पनवेलचा मेकॅनिक म्हणाला, "शेठ, उडेल गाडी." ती उडू नये म्हणून त्याने तिला खाली बसवलं. टर्बोची हवा थंड करायची जाळी आणि तिचे पाइप बंपरखाली आले, रस्त्यापासून चार बोटांवर. या कामात दीड महिना गेला. तोवर आई रिक्षाने जात होती.

गाडी आली. अ‍ॅक्सिलरेटर दाबून सोडला की 'फिस्स' असा आवाज व्हायचा. मला तो ऐकून कृतकृत्य वाटायचं. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "चाक बसलंय वाटतं तुझं." जळतात लोक, मी मनात म्हटलं. टर्बोला जोर धरायला जेवढा मोकळा रस्ता लागतो, तेवढा आमच्या तालुक्यात नाही, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. इथे देवळापुढे गतिरोधक, शाळेपुढे गतिरोधक आणि ज्याच्या घरापुढे गतिरोधक नाही, त्याला गावात कुणी विचारत नाही.

मग आईला घेऊन निघालो. मागे आई आणि माझी बायको. पहिल्याच गतिरोधकावर खालून असा खरडल्याचा आवाज आला की मी गाडी तिथेच थांबवली.

"आई, जरा उतरतेस?"

ती उतरली. बायकोनेही उतरून तिचा हात धरला. रिकामी गाडी मी तिरकी करून पार नेली आणि पुढे जाऊन थांबलो. दोघी चालत आल्या, बसल्या. वाटेत चौल येईपर्यंत हेच, पुढेही हेच. मागे एसटी अडकली. कंडक्टरने डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "आजी, या, बसा गाडीत." आई म्हणाली, "नको रे बाबा. माज्या लेकाची गाडी हाय." त्या वेळी मला बरं वाटलं, आज त्याची लाज वाटते.

अलिबागला दवाखान्यापाशी ती उतरायला लागली, तर मी म्हणालो, "थांब. टर्बो निवेपर्यंत इंजिन दोन मिनिटं चालू ठेवायचं असतं, मग हात देतो."

"त्याला बरा जपतोस," आई म्हणाली.

डॉक्टरांनी आईचे गुडघे दाबून पाहिले. भरपूर सूज होती.

"आजी, चालू नका म्हटलं होतं ना? आलात कशा?"

"लेकाच्या गाडीनं," आई म्हणाली. मग जरा थांबून, "चालत."

डॉक्टर हसले. बायकोही हसली. मला तोंड लपवायला जागा नव्हती. आई मात्र टोमणा मारत नव्हती. झालं ते तिने सांगितलं.

येताना तिला बायकोसोबत रिक्षात बसवलं आणि मी रिकामी जपानी गाडी घेऊन तिच्या मागे मागे आलो. त्याच आठवड्यात पनवेलला जाऊन गाडी पुन्हा उंच करून घेतली. टर्बो काढला, तो माळ्यावर पडलाय.

आता आई पुढे माझ्या शेजारी बसते. गाडी गतिरोधकावरून सहज जाते. पण लांबून गतिरोधक दिसला की तिचा हात अजून दाराच्या कडीकडे जातो.