मागचं अंगण

आज क्वेकर्स हिलच्या माझ्या घरी शेजारून सुका मासा तळल्याचा वास आला आणि मला माझीच शिसारी आली.

वीस वर्षांपूर्वी युनीत शिकत असताना फिलिपिन्सची लिगाया माझी हाउसमेट होती. तिने मासे मागच्या अंगणातच तळायचे, हा नियम मी केलेला. एकदा कडाक्याच्या थंडीत तिथे तळता तळता ती तिच्या तळ्याकाठच्या गावाबद्दल सांगत होती.

"स्पॅनिश राजवटीत चाबूक खात आमच्या पूर्वजांनी चर्चसाठी दगड वाहिले. पण पाद्र्याच्या घरात शिरायचं मागच्या दाराने. अंगाला माशाचा वास येतो म्हणे!"

"शी! कसली नीच माणसं!" जाळीच्या दाराआडून मी नाक दाबूनच म्हणाले.

लिगायाने शांतपणे मासा उलटला.

"नो वरीज. आतलं दारही लावून घे, वास येईल."