खिडकीखालचा हुक

फार उशिरा लिहितोय, माफ करा. खारेपाटणहून परतून महिना होत आला, पण एका उत्तराची वाट बघत होतो.

उत्तरेतल्या एका कारखान्यात मी वेल्डर होतो. तिथं परदेशासाठीही डिझेल इंजिनं बनत. बांगलादेशची रुळांवरूनच जात. मोझांबिकचे रूळ आपल्याहून अरुंद, म्हणून त्यांची इंजिनं ट्रेलरवर चढवून बंदराला नेत. त्यातलं एक आम्ही बनवलेलं, पण ते आम्हाला धावताना दिसलंच नाही. पाहिलं फक्त कामातल्या माझ्या जोडीदारानं, इब्राहिमनं. इंजिन ताब्यात द्यायला तो तिकडे गेला होता. ड्रायव्हरच्या खिडकीखाली मी आराखड्यात नसलेला एक हुक जोडला होता. ड्रायव्हर रोज त्याला जेवणाचा डबा अडकवतो, हे इब्राहिम भेटला की सांगायचाच.

त्याचा भाचा तिकडे दुकान चालवतो. मी फार मागे लागल्यावर त्यानं फोटो पाठवला: यार्डात, गवतात उभं इंजिन. लवकरच भंगारासाठी कापणार म्हणे. आमचंच की दुसरं? इब्राहिमलाच विचारायला खारेपाटणला निघालो.

वेंगुर्ल्याहून सकाळची एसटी धरा, कणकवलीला बदला. पंचाहत्तरीपुढं तिकीट नाही, पण आधार कार्ड वरच ठेवा. कुडाळपर्यंत माझ्या मनात एकच, गॅस बंद केला की नाही. फोन करून विचारावं, तर घरी कोण आहे? प्रत्येक थांब्याला मी उठून उभा राहायचो. शेवटी कंडक्टर म्हणाला, "आजोबानु, खारेपाटण खंय पळान जाता? बसा." तळेऱ्याला भजी खाल्ली. तेल बरं नव्हतं.

इब्राहिमचं घर नदीकडच्या उतारावर, जपून उतरा. सुनेनं तांदळाची भाकरी आणि बांगडा वाढला. मी फोटो पुढं केला.

"आमचा न्हय ह्या," तो लगेच म्हणाला.

रंग तोच वाटतो, मी म्हटलं.

"रंगार काय आसा रे? तू केस काळे करतस, म्हणान तरणो झालस?"

सून हसली, मीही हसलो. मग जेवलो. परतीच्या गाडीत बसल्यावर लक्षात आलं, फोटो बघताना इब्राहिमचा चष्मा खिशातच होता.

घरी गॅस बंदच होता. हुक आहे का बघ, असं भाच्याला लिहिलंय, पण उत्तर नाही.

मोझांबिकात कोणी असाल, तर यार्डातल्या त्या जुन्या इंजिनाच्या खिडकीखाली बघा. हुक नसला, तर आमचं इंजिन अजून कुठंतरी डबा हलवत धावत असेल. नसला तर लगेच कळवा. असला तरी कळवा, पण मलाच. इब्राहिमला नको.