प्रज्ञाचं मोहाचं झाड

नागपूरला मी भांडायला निघाले नव्हते, कौतुक करायला निघाले होते. पुण्याहून मांडीवर ढाल सांभाळत गेले. शाळकरी मुलांनी दर शनिवारी आपापलं एक झाड बघायचं, पालवी-फुलं-फळं नोंदवून आम्हाला पाठवायची, असा आमच्या संस्थेचा उपक्रम. वर्षभर एकही रकाना रिकामा न ठेवणाऱ्या शाळेला ही ढाल. यंदा ती सावनेरकडच्या एका शाळेनं पटकावली होती.

स्टेशनाबाहेर तर्रीपोहे (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) खाल्ले. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. गाडीवाल्यानं "पुन्याच्या का तुमी?" विचारलं आणि वर आणखी तर्री ओतली. सावनेरच्या एसटीत खिडकीची काच लागत नव्हती. कोळशाच्या ट्रकांमागून जाता जाता माझी पांढरी साडी राखाडी झाली.

शाळेत हार, नारळ, सगळं झालं. वह्यांना तपकिरी कव्हरं, अक्षर मोत्यासारखं. आठवीतल्या प्रज्ञाकडे मोहाचं झाड होतं. मार्चच्या प्रत्येक शनिवारी नोंद एकच, 'भरपूर फुले'. मी म्हटलं, चल, दाखव तुझं झाड. उपक्रम सांभाळणारे सर घाईघाईनं म्हणाले, ऊन फार आहे, आधी चहा घ्या. मी कसली ऐकते, निघालेच.

रस्त्याकडेला गुडघ्याएवढा बुंधा होता. भोवती बाभळीचे काटे रचलेले. ट्रकांसाठी रस्ता रुंद करताना झाड दिवाळीतच तोडलं होतं.

"मग मार्चमध्ये फुलं कुठून आली गं?" माझा आवाज चढला.

"मी लिवलं होतं मॅडम, झाड तोडलं म्हनून. सरनं ते खोडून टाकाले लावलं."

तिनं वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बुंध्याला कोंब आला. करंगळीएवढा.' काही शनिवारांनी, 'कोंब वीतभर. पानं तांबूस. एक बकरीनं खाल्लं. काटे लावले.' झाड गेल्यावरही ही पोर एकही शनिवार चुकली नव्हती.

"हे तक्त्यात घ्यान का मॅडम?" तिनं विचारलं. मी शब्द दिला.

परतले ती सरांवर तुटूनच पडले. मुलांना बघायला शिकवायचं सोडून खोटं लिहायला शिकवता, लाज कशी वाटत नाही, असं सगळ्या शिक्षकांदेखत बोलले. सरांनी कपाटातून आमचंच पत्र काढून पुढ्यात ठेवलं. 'अपूर्ण तक्ते स्वीकारले जाणार नाहीत.' खाली माझी सही.

"पहिले तिचं खरंच धाडलं होतं मॅडम. तुमीच वापस पाठवलं. मंग मी काय करू?"

सही माझीच, म्हणून आणखीच संताप आला. ढाल न देताच निघाले. परतीच्या गाडीत ती नुसती बोचत होती.

पुण्यात येऊन प्रज्ञाचं पान संगणकात भरायला बसले. फुलांपुढे पर्याय होते: कळ्या, थोडी, भरपूर, गळली. झाडच तोडलं, हे सांगायला कुठं जागा नव्हती. रकाना रिकामा सोडला तर तक्ता पुढे जाईना. 'भरपूर' दाबलं असतं तर मिनिटात काम झालं असतं. सरांनी तेवढंच केलं होतं.

हे पान तक्त्यात जाईपर्यंत ढाल कुणालाही मिळणार नाही, असं मी ऑफिसात ओरडून सांगितलं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. तो तक्ता मीच बनवला होता.