काकूंच्या कुरडया आणि चैत्रातलं आभाळ

परसातल्या पेरूच्या झाडापासून जरा दूर, मोकळ्या जागेत, मी एक पांढरी पेटी उभी केली होती. चार पायांवरची, खिडकीच्या झडपांसारख्या भिंती असलेली. आत दोन थर्मामीटर. एक साधा, दुसऱ्याच्या बुडाला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळलेली. दोन्हींतला फरक जितका कमी, तितकी हवा दमट. पेटी बनवणाऱ्या सुताराने कबुतरं किती पाळणार म्हणून विचारलं, तेव्हा खरं काय ते सांगायला नको म्हणून मी 'बघू' म्हणाले. त्यामुळे आमच्या परसात कबुतरं येणार आहेत असा गल्लीत बरेच दिवस समज होता.

वडिलांची सिंदेवाहीच्या शेतकी केंद्रावर बदली झाली तेव्हा मी नागपूरला वसतिगृहात होते. लहानपणापासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. बी.एस्सी. होऊन घरी आले आणि लक्षात आलं की इथे माझं मराठी ऐकून लोक आधी गप्प होतात आणि मग हसतात. ते वाईट मनाने हसत नसत. पण मी बोलणं कमी केलं. आकाशाला उत्तर द्यावं लागत नाही, हे हवा-आभाळ बघत राहायचा छंद मला आवडण्याचं पहिलं कारण. वडिलांनी नागपूरच्या जुन्या बाजारातून हवेचा दाब दाखवणारा एक बॅरोमीटर आणून दिला होता. तो बैठकीत खिळ्यावर टांगलेला असे, आणि मी येता-जाता त्याच्या काचेवर बोटाने टिचकी मारून काटा कुठे सरकतो ते बघत असे; खाली घसरला तर पाऊस जवळ आला असं धरायचं.

पावसाळ्यात किंवा मे महिन्यात हवेवर थोडा तरी भरवसा ठेवता येतो. होळीनंतर मात्र काही सांगता येत नाही. सकाळी नळाचं पाणी अंगाला गार लागायचं आणि दुपारी ओसरीची फरशी पायाला चटके द्यायची. सिरोंच्याच्या बाजूने, दक्षिणेकडून, समुद्राची ओल घेऊन वारा यायचा आणि पश्चिमेकडून कोरडा, तापलेला. त्या दोघांची गाठ कधी आमच्या डोक्यावर पडायची, कधी कुठल्या तरी जंगलावर. पोंभुर्ण्याकडून आलेल्या एस.टी.चं टप ओलं असायचं आणि आमच्या स्टँडवर धूळ उडत असायची. त्यात भर म्हणजे धूर. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात. ते महिनाभर चालतं. त्या धुरकटात क्षितिज बुडून जातं. ढग चढतोय की धूर साचलाय हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून मला काट्यावर जास्त विसंबावं लागे.

शेजारच्या काकूंचे यजमान सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्या थोरल्या मुलीचं, ताईचं, लग्न ठरलं होतं, चौदा एप्रिलची जयंती झाली की लगेच. मुलाकडचे घुग्घुसचे, मुलगा कोळशाच्या खाणीत नोकरीला. त्यांच्या बाजूची एक आत्या फार बारीक बघणारी आहे, असं काकूंच्या कानावर आलं होतं. रुखवतात कुरडया ठेवायच्या तर त्या पांढऱ्याशुभ्र हव्यात, बाजारच्या नकोत. इतर सगळं दुसऱ्यांनी केलं तरी चाललं असतं. कुरडया आईच्या हातच्याच, यावर काकू अडून होत्या. त्यांचं स्वतःचं लग्न घाईत, रुखवताशिवाय झालं होतं, असं आई एकदा म्हणाली होती.

आमच्या गल्लीत वाळवणाची पाळी असे. आज हिच्या घरी सगळ्या बायका जमायच्या, उद्या तिच्या. पाळी एकदा ठरली की हलवायची नाही, कारण पुढच्या सगळ्यांचं बिघडतं. शिवाय कुरडईचे गहू तीन दिवस आधी भिजत घालावे लागतात. रोज पाणी बदलायचं, मग वाटायचे, चीक निवळू द्यायचा, पहाटे शिजवायचा. म्हणजे उन्हाची गरज ज्या दिवशी, त्याच्या तीन दिवस आधी ऊन आहे असं धरून चालायचं. एकदा गहू भिजले की परतीची वाट नाही.

गहू भिजवायच्या आदल्या संध्याकाळी काकू कुंपणापाशी आल्या.

"काऊन वं बाई, तुह्या कबुतरखाना काय म्हनते? पाणी येईन का?"

मला इतकं थेट कोणी विचारलं नव्हतं. मी काट्याचा, वाऱ्याचा विचार केला आणि शाळेत शिकवल्यासारखं उत्तर दिलं, "निम्मी शक्यता आहे, काकू."

"मंग निम्मेच गहू भिजवू का?"

मागे दोरीवरचे वाळलेले कपडे काढत असलेली चाची, म्हणजे शिंप्याची बायको, पदर तोंडाला लावून हसली. "और आधी बेटी ब्याह देना," ती म्हणाली. काकूही हसल्या. मग त्यांनी सगळे गहू भिजवले.

पाळीच्या दिवशी पहाटे आभाळ स्वच्छ होतं. काकूंच्या अंगणात मोठ्या गंजात चीक रटरटत होता आणि आंबूस वास आमच्या न्हाणीपर्यंत येत होता. अंगण त्यांचं लहान, म्हणून बाजा आमच्या परसात मांडल्या होत्या. बाजांवर धुतलेल्या साड्या पसरून बायका सोऱ्याने कुरडया घालत होत्या. ताईला त्या दिवशी काम नव्हतं, तरी ती सोऱ्या दाबायला बसलीच. "दाब, दाब, सासरी हात मजबूत लागते," म्हणून सगळ्या तिला चिडवत होत्या. मी आत खिडकीशी होते. मला बोलावलं नव्हतं असं नाही. दोनदा हाका मारल्या होत्या.

दुपारी जेवणं झाल्यावर बायका सावलीत आडव्या झाल्या. मी काचेवर टिचकी मारली आणि काटा बराच खाली घसरला. बाहेर गेले. ओल्या चिंधीचा पारा साध्या पाऱ्याच्या जवळ आला होता. पेरूचं पानही हलत नव्हतं. पश्चिमेकडे धुराच्या मागे काहीतरी गडद होतं, किंवा नुसता धूर.

कुरडया तेव्हा अर्धवट वाळल्या होत्या. अशा वेळी साडीवरून उचलल्या तर तुटतात. बाज आमच्या दारातून आडवी जात नाही, आणि तिरपी केली तर सगळ्या घसरतात. म्हणजे पाऊस आला तर चिखल होणार, आणि पाऊस येईल म्हणून हलवल्या तरी नुकसान होणारच. मी सांगावं की नाही, हा प्रश्न एवढाच होता, आणि तो मला फार मोठा वाटत होता. ऊन लख्ख पडलं होतं.

मी काकूंजवळ गेले. मोठ्याने बोलायला जमलं नाही. "काकू, पाणी येईल असं वाटतं."

त्यांनी डोळे उघडून आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "निम्मं का पूर्ण?"

"निम्म्यापेक्षा जास्त."

त्या उठल्या. "उठा वं. साड्या धरा."

चारी कोपऱ्यांना चौघी, साडी ताणून धरायची, एकीने पाठमोरं दारातून आत जायचं. मीही एक कोपरा धरला. साडी कितीही ताणली तरी मधे झोळ पडतोच, आणि कुरडया एकमेकींवर सरकून चिकटत होत्या. बैठकीतल्या जमिनीवर साड्या अंथरल्या. तेवढ्यात वारा सुटला. धूळ आत येऊ नये म्हणून चाचीने खिडक्या-दारं लावून घेतली. बंद खोलीत आम्ही सगळ्या भिंतीला टेकून उभ्या होतो. पत्र्यावर काहीतरी वाजलं. वाळकी पानं होती.

पाऊस आला नाही. म्हणजे आमच्याकडे आला नाही. संध्याकाळी वडील शेतकी केंद्रावरून परतले ते भिजून. तिकडे चांगली सर पडली होती, गाराही होत्या म्हणाले. माझं पाऊस मोजायचं भांडं कोरडं होतं, तळाशी थोडी धूळ. मी नोंदवहीत त्या दिवसापुढे शून्य लिहिलं. दुसरं काय लिहिणार? पाऊस झाला होता आणि माझ्यापुरता झाला नव्हता, दोन्ही खरं होतं.

बायकांनी फार काही म्हटलं नाही. "बाईचा पाऊस पत्ता चुकला," एवढंच चाची म्हणाली. पण बंद खोलीतल्या उबेने कुरडया ओलसर राहिल्या होत्या, आणि काकू एकेक चिकटलेली कुरडई वेगळी करत उशिरापर्यंत बसल्या होत्या. काही मधोमध तांबूस दिसायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साड्या पुन्हा बाजांवर आल्या. पाळी आता चाचीची होती. सगळ्या बायका तिच्याकडे शेवयांना गेल्या, काकूंनाही जाणं भाग होतं. जाताना त्या खिडकीशी आल्या.

"आज?"

मी काट्याकडे पाहून आले होते. तो जागच्या जागी होता. काल दुपारपर्यंतही तो तसाच होता.

"माहीत नाही, काकू."

"माहीत नाई त बरं," त्या म्हणाल्या. "मंग खिडकीत नको बसू. इथी बाजेपाशी बस. दिसलं का आवाज दे. मोठ्यानं दे, काल तुह्या आवाज मलेच ऐकू आला फक्त."

मी पेरूच्या सावलीत बसून राहिले. कुरडया उलटवल्या, कावळे हाकलले. ताई मधूनच येऊन बसायची. एकदा तिने विचारलं, "घुग्घुसले पण असंच राहते का आभाळ?" मी म्हटलं, तिथे कोळशाची धूळ जास्त असेल, बाकी असंच. दुपारी ढग चढले, मी उठून उभी राहिले, आणि ढग उत्तरेकडे निघून गेले. मला ओरडावं लागलं नाही.

उन्हं कलल्यावर काकू आल्या. एक कुरडई त्यांनी कानाशी धरून मोडली. कडकन् आवाज आला. मग त्यांनी तांबूस पडलेल्यांतली एक निवडून घेतली, चांगल्यांतली नव्हे, आणि आमच्याच चुलीवर तेल तापवलं. आई, ताई आणि मी बघत होतो. कुरडई तेलात पडली, क्षणभर तळाशी राहिली, मग पसरत पसरत झाऱ्याबाहेर गेली. कडा पांढऱ्या होत्या. मधला भाग जरा पिवळट.

काकूंनी ती निथळून ताटलीत काढली, दिव्याखाली धरली, फिरवून पाहिली.

"पांढऱ्या वर ठेवू," त्या ताईला म्हणाल्या, "ह्या खाली. आत्या काही परात उपसणार नाई."