मामी गळे बघायची

मामी माणसाच्या तोंडाकडे बघतच नसे, गळ्याकडे बघे. पंगतीत वाढायला उभी राहिली, की भाताचं टोपलं कमरेवर आणि नजर जेवणाऱ्यांच्या गळ्यावर. एक घास कोणाला दोनदा गिळावा लागतो, पाण्याच्या घोटाला कोण खोकतो, लग्नातले वडे बाजूला सारून नुसतं वरण कोण ओरपतो, सगळं तिला ठाऊक. आमचं गाव आलापल्लीच्या वाटेवरचं. पन्नास सालानंतरची ती वर्षं, तेव्हा जिल्ह्याचे तुकडे झाले नव्हते, सगळा चांदाच जिल्हा. मामी काही कोणाची सख्खी मामी नव्हे. एकटी विधवा बाई, तांदळाची पेज रांधावी तर तिनंच, म्हणून पेजवाली मामी. आणि जीभ? कोयता परवडला!

ठसका लागला की आमच्याकडे म्हणतात, कोणीतरी आठवण काढली. तुमच्याकडेही म्हणत असतील, मूर्खपणाला काही वेस नसते. माझ्या आजाला लकवा झाला, तोंड वाकडं झालं, आणि घोटाघोटाला ठसका लागू लागला. आम्ही शहाणे हसत होतो. आजी आधीच गेलेली. बाबा म्हणाले, "बुडी वरून आठवण काढून राह्यली वाटते!"

मामी दारातूनच कडाडली. "आठवण काढणाराले म्हणा, दूर बसून आठवू नोको, इथी समोर येऊन बस! बुड्याची हाडं निघाली, दिसत नाई काय तुमाले?"

तिनं दवाखाना गाठला, मी मागे मागे. डॉक्टर नागपूरहून बदलून आलेला. इस्त्री कडक, अक्कल मऊ. त्यानं रोग्यांची वही उघडली, पानं उलटली आणि म्हणाला, "बाई, गिळता न येणारा एकही रोगी यात नाही. हा आजार इकडे नसतोच. रानातली माणसं काटक."

"डाक्टरसायेब, ज्याच्या गळ्याखाली पेज उतरत नाई, तो आठ कोस चालून तुमच्या वहीत नाव लिवाले येईन काय?"

डॉक्टर हसला. मग मामीनं ऐकवलंच. "गोंडांच्या टोल्यावरच्या वस्तीतली म्हातारी, घरचे म्हणते देवानं गळा धरला. अहेरीच्या बाजारातल्या शिंप्याची अम्मा, तिले म्हणे नजर लागली. आमचा बुडा, त्याले आठवण येते! दुखणं एकच हाये सायेब. तीन जातीनं तीन नावं ठेवली, अन् तुमच्या वहीत एकबी नाई."

त्या हुशारानं काय करावं? पातळ औषधाची बाटली दिली. पाण्याला ठसकणाऱ्या माणसाला पातळ औषध! घरी येताच मामीनं ती कुंपणापलीकडे ओतली. "तिथलं गवत तरी खोकत नाई," म्हणाली.

मग तिनं घट्ट पेज रांधली. आजाला भिंतीशी ताठ बसवलं, हनवटी छातीकडे. अर्धा चमचा द्यायची आणि गळा हलेपर्यंत थांबायची. आजा भारी बोलका, मधेच तोंड उघडी. "गप बस बुड्या, गावच्या पंचायती मंग कर," अशी दटावायची. त्यानंतर मोहाची झाडं दोनदा फुललेली बघून आजा गेला.

आता माझ्याही अकलेचं सांगते. डॉक्टरला नावं ठेवली, तर स्वतःला कशाला सोडू? आमच्यात बाया शेवटी जेवत. सगळ्या गावाला वाढून झालं की मामी सैपाकघराच्या मागे, भिंतीपलीकडे, एकटी पेज घेऊन बसे. आम्हाला वाटे, तिला पेजच आवडते. एकदा तिकडून ठसका आला, थांबेना. आणि मी, तिच्याच हाताखाली वाढायला शिकलेली, इकडून ओरडले, "मामी, कोण आठवून राह्यलं वं?"

जी अख्ख्या गावाला शिव्या घाले, तिनं मला एक शिवी दिली नाही. तेव्हाच कळायला हवं होतं.

तिचं लुगडं वाळलेल्या अंगाभोवती जास्तच फिरू लागलं, तेव्हा आमचे डोळे उघडले. तोवर पेजही उतरेनाशी झाली होती. धान कापणीच्या आधी एका दुपारी मी तिला भिंतीशी ताठ बसवलं, हनवटी छातीकडे घेतली, अर्धा चमचा पुढे केला आणि तिच्या गळ्याकडे बघत बसले. गळा हलला नाही. पेज ओठातून परत आली.

मामीनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आली वं समोर?" म्हणाली. "त्या भिंतीपलीकडून आली, पण लय दुरून आली, पोरी."